नवीन गाडीची बॅटरी बसली? आधी मीटर लावा, मग दुकानात जावा

रविवारची सकाळ, आई नैवेद्याचा डबा आणि नारळ पिशवीत घालून खाली येऊन उभी, जोतिबाला जायचं ठरलेलं आणि गाडी गप्प. म्हंजे एकदम गप्प, किल्लीचं बटण दाबलं तर आरसे उघडंनात, हँडलला हात लावला तर कुलूप उघडंना. गाडी २०२२ ची, पेट्रोल, ऑटोमॅटिक, सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी. वरच्या मजल्यावरचे काका ग्यालरीतनं ओरडले, "धक्का मार की रं, काय बघत बसलाईस!" आता ऑटोमॅटिकला धक्का मारून काय होतंय, पण ते त्यांना समजावत बसायला टाइम नव्हता. आई चुलतभावाच्या गाडीतनं गेली, मी दुपारी नवीन बॅटरी घालून मोकळा झालो, कारण बघायला आलेल्या प्रत्येकानं "बॅटरी मेली" एवढंच सांगितलं होतं.

तिसऱ्या रविवारी नवीन बॅटरी पण उतरून बसली.

मग मात्र डोकं ठिकाणावर आलं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत जाऊन चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचा मीटर) आणला आणि दोन दिवस गाडीच्या मागं लागलो. त्यातनं जे कळलं ते इथं लिहितोय, कारण आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधेच त्यानंतर तिघांची हीच गोष्ट झाली आणि तिघंही आधी दुकानात जायला निघाले होते.

पहिलं म्हंजे गाडी चालू होईना म्हणून लगेच बॅटरीला शिव्या देऊ नका, आधी गाडी काय बोलतीय ते ऐका. किल्ली चालंना पण दार उघडल्यावर आतला दिवा लख्ख लागतोय, तर गाडीची बॅटरी बरी आहे, किल्लीतला सेल संपलाय. तो बटणासारखा चपटा सेल असतोय, बऱ्याच किल्ल्यांत सीआर२०३२, घड्याळवाल्याकडं पण मिळतोय. तोपर्यंत किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा, बऱ्याच गाड्या अशा चालू होतात (काहींत किल्ली ठेवायची जागा वेगळी असतीय, मॅन्युअलमधे चित्र असतंय). सेल्फ मारल्यावर टकटकटकटक असा पटापट आवाज आला तर बॅटरीत थोडा जीव आहे पण सेल्फ फिरवायला पुरंना. एकदाच "टक्" आणि पुढं शांत, दिवे मात्र तेजात, तर सेल्फ मोटर किंवा तिच्या वायरीकडं बघायला पाहिजे. सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पकडंना, तर बॅटरीचा काही संबंध नाही, उगं सेल्फ मारून मारून चांगली बॅटरी उतरवू नका. आणि आमच्यासारखं काहीच नाही, डॅशबोर्ड काळाठिक्कर, तर एक तर बॅटरी पार रिकामी नाहीतर टर्मिनल ढिलं. म्हणून बॉनेट उघडून आधी दोन्ही टर्मिनल हातानं हलवून बघा, हलता कामा नये. एका दोस्ताची गाडी नुसता दहा नंबरचा पाना फिरवल्यावर चालू झाली, टोइंगवाला निम्म्या वाटेत होता.

नवीन गाड्यांची अजून एक खोड आहे. व्होल्टेज कमी पडलं की स्टेअरिंगचा दिवा, एबीएसचा दिवा, हिल असिस्टचा दिवा, सगळे एकदम पेटतात आणि माणूस घाबरतो की गाडीचा कॉम्प्युटर गेला. बऱ्याच वेळा त्यामागं कमी व्होल्टेजच असतंय, चार्ज झाल्यावर दिवे आपले आपण जातात. त्याच्याही आधीची खूण म्हंजे सिग्नलला इंजिन बंद होणं बंद पडतंय. एसी फुल असला किंवा इंजिन गार असलं तरी ते होत नाही, ते सोडा, पण आठवडाभर गाडी एकदाही सिग्नलला बंद झाली नाही तर ती सांगतीय की माझ्याकडं चार्ज कमी आहे. मी तर खूश झालो होतो, म्हटलं बरं झालं ती कटकट गेली.

आत कसं शिरायचं हा पण प्रश्न असतोय. किल्लीच्या पोटात लोखंडी पातं असतंय, बाजूचं छोटं बटण सरकवून ते बाहेर काढायचं. ड्रायव्हरच्या हँडलला चावीचं भोक उघडं दिसत नसेल तर ते टोपणाखाली लपवलेलं असतंय. हे आजच एकदा करून बघा, पावसात मोबाइलच्या उजेडात पहिल्यांदा करायला जाऊ नका.

आता जे करायचं नाही ते. धक्का: मॅन्युअल गाडी असली तरी बॅटरी पार रिकामी असेल तर नवीन गाडी धक्क्यानं चालू होत नाही, कारण पेट्रोलचा पंप, इंजिनचा कॉम्प्युटर, चावी ओळखणारी सिस्टीम, सगळ्यांना आधी करंट लागतोय. थोडा जीव असेल तर होईल पण, मात्र न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीतल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन तो खराब होऊ शकतोय आणि तो पार्ट बॅटरीच्या कितीतरी पट महाग आहे. दुसरं, पाना दोन टर्मिनलला टेकवून ठिणगी काढून बघणं. बॅटरीतनं हायड्रोजन गॅस निघतोय, तिथं ठिणगी म्हंजे तोंडावर ॲसिड घेण्याचा धंदा. आणि तिसरं, जे आपल्याकडं जुन्या वायरमन लोकांच्या हाताला इतकं बसलंय की सांगून पटत नाही: इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली नाही तर "डायनॅमो ओके". जुन्या जीपला, ट्रॅक्टरला हे चाललं. नवीन गाडीत बॅटरी त्या लाइनीतले झटके पिऊन घेत असतीय, ती काढली की व्होल्टेज उसळी मारतंय आणि एखादा कंट्रोलर (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) उडतोय. उद्यमनगरात एकापेक्षा एक कारागीर आहेत, हातात कला आहे त्यांच्या, पण एवढी एक गोष्ट करायला लागले तर हात जोडून थांबवा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर आपली चालू करायला जंपर केबल लावायची असेल तर क्रम पाठच करा. लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या गाडीच्या प्लसला, मग काळा चांगल्या गाडीच्या मायनसला आणि काळ्याचं शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीच्या मायनसला लावायचं नाही. याला कारणं दोन. एक म्हंजे शेवटची ठिणगी बॅटरीपासून लांब पडते. दुसरं खास नवीन गाड्यांचं: मायनस टर्मिनलवर एक छोटी डबी असतीय, तो बॅटरी सेन्सर, आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याचा हिशोब ठेवणारा कारकून समजा. चिमटा थेट टर्मिनलला लावला तर करंट त्याच्या मागच्या दारानं आत जातोय, त्याच्या वहीत नोंदच होत नाही आणि मग गाडी चुकीच्या हिशोबावर चार्जिंग करत बसतीय. घरी चार्जर लावताना पण मायनस बॉडीलाच लावा. केबल लावल्यावर चांगली गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा, चालू झाली की उलट्या क्रमानं काढा. केबल जाडजूड घ्या. दोनशे रुपयांची चायनीज केबल गरम होती, गाडी चालू करत नाही.

चालू झाली, आता काय? लोक दहा मिनिटं जाग्यावर इंजिन चालू ठेवतात आणि म्हणतात झाली चार्ज. कुठनं होतीय! कागलपर्यंत हायवेनं जाऊन आला तरी पार रिकामी झालेली बॅटरी निम्मी भरली तर नशीब. ती नीट भरायला चार्जरवर रात्रभर ठेवायला लागती. आणि हे टाळू नका, कारण शिशाच्या प्लेटांवर डिस्चार्ज होताना सल्फेट धरतंय, लगेच चार्ज केली तर ते विरघळतंय, तशीच आठवडाभर पडू दिली तर दगडासारखं कडक होतंय आणि बॅटरीची ताकद कायमची कमी होतीय. एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी परत कधी पहिल्यासारखी होत नाही म्हणतात ते याच्यामुळं.

आता मीटर. डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल काडी प्लसला, काळी मायनसला, बस्स. पण कधी बघायचं याला महत्त्व आहे. गाडी रात्रभर उभी पाहिजे, आणि बॉनेटचा खटका आदल्या दिवशीच सोडून ठेवा, नाहीतर दार उघडलं की आतले सगळे कंट्रोलर जागे होतात आणि रीडिंग खाली येतंय. १२.६ च्या वर म्हंजे पोट भरलेलं, एजीएम (ॲसिड आतल्या जाळीत शोषून ठेवणारी, जास्त दमाची) बॅटरी असेल तर १२.८ पण दाखवेल. १२.४ म्हंजे पाऊण. १२.२ म्हंजे निम्मी, इथंच सावध व्हा. १२ च्या खाली गेली की ती हात टेकायच्या बेतात. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून मीटर बघा, आकडा खाली जाणारच पण भरलेल्या बॅटरीचा ९.६ च्या खाली जायला लागला तर बॅटरी थकली, तिथं खरंच दुकानात जावा.

नंतर इंजिन चालू करून बघा. जुन्या हिशोबानं १३.७ ते १४.७ मधे आलं की चार्जिंग ओके. पण नवीन गाडीत फसगत होतीय, हे माझ्या बाबतीत पण झालं. मीटरनं १२.७ दाखवलं, मी म्हटलं गेला अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा, जुन्या लोकांचा डायनॅमो), पंधरा-वीस हजाराला बांबू. तसं नव्हतं. आता स्मार्ट अल्टरनेटर असतोय, पेट्रोल वाचावं म्हणून बॅटरी बऱ्यापैकी भरली की तो हात आखडता घेतोय आणि आपण ॲक्सिलरेटर सोडला, गाडी उतारावर लागली की जोरात चार्ज करतोय. त्यामुळं हेडलाइट लावा, ब्लोअर फुल करा, मागच्या काचेचा हीटर लावा आणि मग दोन-तीन मिनिटं आकडा बघा. तो १४ च्या आसपास चढला तर अल्टरनेटर बरा आहे. सगळं लावून पण १२.५, १२.४, १२.३ असा उतरतच गेला तर मात्र चार्जिंगमधे लफडं आहे.

माझ्या गाडीत हे सगळं ओके आलं. बॅटरी नवीन, अल्टरनेटर ठणठणीत, तरी सहा दिवस उभी राहिली की आडवी. म्हंजे कोणीतरी रात्रीचं चोरून पितंय.

ते शोधायची रीत सांगतो, जरा चिकाटीचं काम आहे. उभ्या गाडीत पण थोडा करंट लागतोच, अलार्मला, किल्लीची वाट बघणाऱ्या सिस्टीमला, मोबाइल ॲपच्या सिमवाल्या डबीला. साधारण ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर रीतसर आहे. मायनस टर्मिनल काढायचं, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालायची, लाल काडी काढलेल्या केबलला आणि काळी बॅटरीच्या मायनसला, म्हंजे सगळा करंट मीटरमधनं जाईल. बॉनेट उघडंच राहणार, पण त्याच्या लॉकमधे स्क्रूड्रायव्हर दाबून ते बंद झाल्यासारखं करा, गाडी लॉक करा, किल्ली घरात नेऊन ठेवा. आणि मग चहा प्या. खरंच, पहिल्या मिनिटाला तीन-चार अँपिअर दिसतील, घाबरू नका, कंट्रोलर एकेक करून झोपी जातात, कुठल्या गाडीत दहा मिनिटं, कुठल्या गाडीत पाऊण तास. मीटर लावलेला असताना चुकून पण स्टार्ट बटण दाबू नका, मीटरचा फ्यूज उडणार (माझा उडाला). आणि काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्टेज बघायला गेलात की मीटरमधनंच शॉर्ट.

माझं रीडिंग पाऊण तासानं पण ०.२१ वर अडकलं. ऐकायला किरकोळ वाटतंय, पण गुणाकार करा: ०.२१ गुणिले २४ म्हंजे दिवसाला पाच अँपिअर-अवर (बॅटरीत किती माल मावतोय ते याच मापात मोजतात), सहा दिवसांत तीस, आणि माझी बॅटरी ४४ ची. शनिवार-रविवारी गावात फिरवून दहा-पंधरा परत भरायची, पुढच्या आठवड्यात परत खड्डा, तिसऱ्या रविवारी राम म्हटला.

चोर धरायला फ्यूज एकेक उपसत बसतात, पण नवीन गाडीत फ्यूज काढून लावला की झोपलेला कंट्रोलर परत उठतोय आणि सगळी वाट बघणी पहिल्यापासून. त्यापेक्षा फ्यूज जाग्यावरच ठेवून त्याच्या डोक्यावर दोन बारीक उघड्या टोच्या असतात तिथं मीटरच्या काड्या मिलिव्होल्टवर टेकवा. सगळे शून्य दाखवत असताना जिथं आकडा येईल त्या लाइनीत करंट वाहतोय. माझा आकडा आला तो फ्यूज बॉक्समधे मधेच घुसवलेल्या एका जादा वायरीवर. डॅशकॅम. दिवाळीत एका ॲक्सेसरीच्या दुकानात बसवलेला, पार्किंगमधे पण रेकॉर्डिंग करतोय म्हणून मीच हौसेनं जादा पैसे दिले होते. तेव्हा गाडी रोज शिरोलीला कामावर नेत होतो, रोज भरत होती, कळलं नाही. जानेवारीपासून कंपनीची बस लागली, गाडी आठवडाभर कळंब्यात उभी, आणि कॅमेरा रात्रंदिवस भिंतीचं शूटिंग करतोय. वायर काढली, आकडा ०.०३. जुनी बॅटरी एक्स्चेंजमधे गेली ती बहुतेक धडधाकट होती, नुसती चार्ज केली असती तर अजून दोन वर्षं गेली असती. असो. डॅशकॅम अजून आहे, पण पार्किंग मोड बंद. ज्यांना पाहिजेच त्यांनी कमी व्होल्टेजला कट करणारी किट लावा आणि कट १२.२ किंवा १२.४ ला ठेवा, ११.६ ला ठेवला तर कट व्हायच्या आधीच बॅटरीचं वाटोळं झालेलं असतंय.

डॅशकॅमशिवाय नेहमीचे गिऱ्हाइक म्हंजे बाहेरून बसवलेला अँड्रॉइड टेप जो झोपायचं नाव घेत नाही, जीपीएस ट्रॅकर, स्टेअरिंगखालच्या, गाडी तपासायच्या ओबीडी सॉकेटला कायम खोचून ठेवलेला ब्लूटूथ डोंगल, नीट न लागलेली डिकी आणि तिच्यातला दिवा. किल्ली गाडीजवळ ठेवायची सवय असेल, म्हंजे बंगल्यात पोर्चला लागून दारामागं खुंटी आणि तिथंच किल्ली, तर गाडी आणि किल्ली रात्रभर गप्पा मारत बसतात, खुंटी आतल्या खोलीत न्या. ॲपवर दर तासाला गाडी कुठाय बघणाऱ्यांनी पण हात आवरा, प्रत्येक वेळी ती झोपेतनं उठतीय. आणि बटण स्टार्ट ऑटोमॅटिकवाल्यांनी एक: पार्किंगचा पी न टाकता बटण दाबून उतरलात तर बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद होतंय पण करंट चालूच राहतोय. गाडी टिंगटिंग करून सांगत असतीय, आपण फोनवर बोलत निघून जातोय.

सांभाळायचं कसं, तर उभ्या राहणाऱ्या गाडीला आठवड्यातनं एकदा निदान अर्धा-पाऊण तास बाहेर काढा, पन्हाळ्याला जाऊन झुणका-भाकर खाऊन आला की गाडीचं आणि तुमचं दोघांचं भागतंय. कपिलतीर्थला भाजीला जाऊन येणं यात धरू नका, तीन किलोमीटरात सेल्फनं खाल्लेलं पण भरून येत नाही, त्यात पावसाळ्यात वायपर, लाइट, ब्लोअर सगळं एकदम. बायको खरेदीला आत आणि तुम्ही इंजिन बंद करून गाणी लावून बाहेर, हे पण तासभर करू नका. महिनाभर गाडी हलणारच नसेल तर हिशोब साधा: ०.०५ नं पण दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, ४५ ची बॅटरी तीन आठवड्यांच्या आत निम्मी. अशा वेळी मायनस काढून ठेवा किंवा पार्किंगमधे प्लग असेल तर आपोआप कमी-जास्त होणारा चार्जर लावून ठेवा. मायनस काढल्यावर घड्याळ, काचेची एका टचची सेटिंग जातीय, काच वर धरून ठेवली की परत येती. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, वरनं व्हॅसलिन. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

आणि खरंच बदलायची वेळ आली, म्हंजे तीन-चार वर्षं झाली, फुल चार्ज करून पण सेल्फ मारताना ९.६ च्या खाली, तर तिसरं कोणी सांगतंय म्हणून स्वस्तातली साधी घेऊ नका. सिग्नलला बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी (साधीचीच जास्त दणकट जात) किंवा एजीएम लागतीय, साधी बॅटरी दिवसाला चाळीस वेळा सेल्फ मारायला बनलेलीच नाही. जुन्या बॅटरीवरचा कोड फोटो काढून न्या. उदाहरणार्थ ३८बी२०एल असेल तर बी म्हंजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हंजे लांबी साधारण वीस सेंटिमीटर, आणि शेवटचा एल किंवा आर म्हंजे टर्मिनल कुठल्या बाजूला, तो चुकला तर केबल पोचतच नाही. बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर जाऊ नका, सहा सेलपैकी एकाच सेलचं तो सांगतोय, बाकीचे पाच मेले तरी हिरवाच. वॉरंटी २४ अधिक २४ लिहिलं असेल तर पहिले २४ महिने फुकट बदलून, पुढच्या २४ ला वापराच्या हिशोबात सूट, त्यामुळं कार्डावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकानातनं हलू नका. काही गाड्यांना, युरोपियन कंपन्यांच्या जास्त, नवीन बॅटरी घातल्याचं स्कॅनर लावून सांगायला लागतंय, घ्यायच्या आधी विचारा. इलेक्ट्रिक गाडीवाले हसत असतील तर त्यांना सांगतो, तुमच्या गाडीत पण १२ व्होल्टची छोटी बॅटरी आहे आणि ती बसली की मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असून पण गाडी उठत नाही.

शेवटचं, जंपर केबल डिकीत ठेवू नका. आमच्या इथल्या एकानं चांगली जाड केबल घेऊन डिकीत ठेवली होती, डिकी करंटवर उघडणारी, आणि करंट नाही. मागच्या सीट पाडून, आत सरपटत जाऊन केबल काढली त्यानं. माझी ड्रायव्हरच्या सीटखाली असतीय.